बारी वेळेवर वाजली पाहिजे

६ जानेवारी, सोमवार

खताच्या दुकानदाराकडून मिळणारी डायरी दर वर्षी घरी किराणा लिहायला जाते. यंदा मी ती आधीच उचलली आणि क्लासच्या कपाटात ठेवली. लिहिण्यासारखं घडलंय म्हणून.

पुण्याच्या कंपनीचा मेल आला. आमचा 'बारी' पहिल्या फेरीत निवडला गेला!

नीट लिहिते, म्हणजे म्हातारपणी वाचताना मलाच कळेल. ही कंपनी मुलांसाठी हातात धरून खेळायचं एक यंत्र बाजारात आणतेय. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं, आकार साधारण चपातीच्या डब्याच्या झाकणाएवढा. त्यात काही गेम आधीच भरलेले असणार. त्यासाठी त्यांनी गावोगावच्या लोकांकडून गेम मागवले होते. मी आमचा पाठवला होता. अट एकच आहे. यंत्र ज्या दिवशी विकायला येईल त्याच दिवशी तोच गेम सगळ्या फोनांवरही चालला पाहिजे. मार्चअखेरीला पुण्यात जाऊन त्यांच्यासमोर चालवून दाखवायचा.

नारायणगावात इतकी वर्षं मी कॉम्प्युटर क्लास चालवला. अर्ध्या तालुक्याला टायपिंग शिकवलं. आता पोरं आईच्या कडेवरच फोन चालवायला शिकतात, क्लासला कोण येतं? शेवटच्या बॅचला तीन जणी आहेत, त्यातली एक लग्न ठरल्यामुळं सोडणार. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसण्यापेक्षा म्हणून मी गेम लिहायला शिकले. चित्रं रुपालीची. रुपाली माझी जुनी विद्यार्थिनी, भीमाशंकरच्या वाटेवर डिंभ्याच्या वर तिचं गाव. बैल काढावा तर तिनं. नुसतं वशिंड बघून कळतं की हा रागात आहे का कंटाळलाय.

गेम बैलगाड्यांच्या शर्यतीचा. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, चार बैल जुंपलेला गाडा सुटतो, गाड्यावर माणूस नाही, पुढं घोडी पळते. खेळणाऱ्यानं हलगीच्या ठेक्यावर बोट मारायचं. ठेका पकडला की बैल जोर धरतात, चुकला की अंग चोरतात. एक गाडा पळाला की एक बारी झाली. सोपं आहे, पण सोडवत नाही. मी स्वतः बनवलाय म्हणून नाही सांगत.

९ जानेवारी

जेवताना चांगदेवांना मिडलवेअर समजावलं. (चांगदेव म्हणजे आमचे हे. समोर नाव घेत नाही, डायरीत कोण बघतंय!)

"हे बघा, अँड्रॉइडची भाषा वेगळी, आयफोनची वेगळी, त्या नव्या यंत्राची तिसरीच. मी तीन-तीनदा गेम लिहू का? नाही. मी एकदाच लिहायचा. मधे एक दुभाष्या बसतो, तो ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या भाषेत सांगतो. त्याला मिडलवेअर म्हणतात."

भाकरी मोडता मोडता म्हणाले, "म्हंजे अडत्या."

"अडत्या नाही हो. दुभाष्या!"

"आपन टमाट्याची क्रेटं एकदाच बाजारात टाकायची, पुढं सुरतंला जायाची का इंदूरला ते त्यो बघनार. अडत्याच की. कापतो किती?"

"काही कापत नाही."

"मंग जगतो कशावं?"

ताक पिऊन उठले, गोठ्याकडे गेले. ह्या माणसाला माझ्या कामात काडीचा रस नाही. मी तरी कशाला सांगत बसते कोण जाणे.

२० जानेवारी

यंत्र आलं! कुरिअरवाला पत्ता विचारत बसस्थानकाभोवती फिरत होता. मी खाली जाऊन त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं.

तारेनं लॅपटॉपला जोडलं, मिडलवेअरला सांगितलं की आता ह्याच्यासाठी गेम तयार कर, आणि बटण दाबलं. रुपालीनं डोळे मिटून घेतले होते. पडद्यावर पहिल्यांदा काळं, मग पिवळं, मग आमचा घाट उगवला. बैल पळाले. एक ओळ बदलावी लागली नाही! जो गेम मी मागल्या वर्षी ह्याच खुर्चीत बसून लिहिला, तो मी कधी न पाहिलेल्या यंत्रावर पळत होता.

रुपाली म्हणाली, "मॅडम, माझा बैल बघा ना, ह्याच्यात किती उजळ दिसतोय."

अश्विनीला, म्हणजे आमच्या लेकीला, लगेच व्हिडिओ पाठवला. ती पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. तिचा अंगठा आला. नुसता अंगठा. मीटिंगमध्ये असेल.

२ फेब्रुवारी

काहीतरी बिनसलंय.

रुपाली यंत्रावर सारखी हरतेय. आपल्याच गेममध्ये. मी म्हटलं, "तुझं बोट चुकतंय, बटणांची सवय नाही." तिनं यंत्र माझ्या हातात दिलं. मग मी खेळले. मीही हरले.

३ फेब्रुवारी

बोट चुकत नाहीये, आवाज चुकतोय.

हलगीची थाप पडद्यावर दिसते तेव्हा कानाला ऐकू येत नाही. डोळ्याची पापणी लवते ना, साधारण तेवढ्या उशिरानं येते. चित्रात बैल रेषा ओलांडून जातात आणि पुकारणाऱ्याचं "झाली!" मागून येतं, जसं डोंगरापलीकडून कोणी ओरडावं. खेळणारा कानानं खेळतो. तो ऐकून बोट मारतो आणि गेम म्हणतो, चुकलास.

मग बॅचमधल्या दोघींचे फोन घेतले. स्वस्तातले फोन. त्यांच्यावर तर यंत्रापेक्षा जास्त उशीर. दोन्हींवर वेगवेगळा. आणि माझ्या फोनवर जवळपास नाहीच, म्हणून वर्षभर मला कळलं नाही. मागं पोरांना फोनवर खेळायला दिला होता, ज्यांनी काढून टाकला ती म्हणत होती, "मॅडम, लई अवघड हाय." मी समजत होते की अवघड म्हणजे कौतुक.

मिडलवेअरचा कोड सगळ्यांना बघायला मोकळा आहे. दिवसभर वाचला. त्यानं सगळ्या फोनांसाठी उशिराचा एकच ठोकळ आकडा धरलाय. सगळे फोन सारखेच असं समजून चाललाय.

म्हणजे कापतो. वेळ कापतो. चांगदेवांना हे सांगणार नाही.

११ फेब्रुवारी

मिडलवेअर बनवणाऱ्यांना लिहिलं होतं, उत्तर आलं. अडचण ठाऊक आहे, पुढल्या वर्षीच्या आवृत्तीत बघू, कळवल्याबद्दल आभार. आभार काय चुलीत घालू?

अश्विनीचा फोन आला. सगळं सांगितलं तर म्हणाली, "आई, हे सोडवायला मोठ्या मोठ्या कंपन्यांत वेगळी टीम असते गं. तू पुण्याला गेलीस आणि तिथं गेम फसला तर? मुदत मागून घे. नाहीतर माघार घे, त्यात काही कमीपणा नाही."

मी म्हटलं, "बघते." फोन ठेवल्यावर बराच वेळ कीबोर्ड पुसत बसले. ती प्रेमापोटी बोलते हे कळतं. पण तिच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांना पहिलं बटण मी दाबायला शिकवलंय, हे ती विसरते.

रुपालीलाही पुण्याहून नोकरीचं बोलावणं आहे. जाहिरातीची चित्रं काढायची. "मार्चनंतर सांगते म्हटलंय," असं म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. गेली तर मी अडवणार नाही. कशाच्या जोरावर अडवू?

१७ फेब्रुवारी

सापडलं!! दोन उद्गारचिन्हं मी कधी देत नाही, पोरांनाही देऊ देत नाही. आज देते.

सकाळी गावाहून क्लासला यायला जीपमध्ये बसले होते. पुढच्या सीटवर एक बाई फोनवर बोलत होती आणि तिला तिचाच आवाज परत ऐकू येत होता. "मलाच मी ऐकू येतीया गं!" असं ओरडत होती. आणि मी नारायणगाव येईपर्यंत हसत राहिले. लोकांना वाटलं असेल मॅडमचं काहीतरी झालं.

फोनला तोंड आहे तसा कानही आहे. त्यानं स्वतःच्याच तोंडानं एक टिकटिक करायची आणि स्वतःच्याच कानानं ऐकायची. सांगितल्यापासून ऐकू येईपर्यंत किती वेळ गेला? तोच त्या फोनचा उशीर. मग बोट कधी पडायला हवं ते त्या हिशेबानं धरायचं. मला कोणत्याच फोनची माहिती असायची गरज नाही, प्रत्येक फोन आपली माहिती आपणच सांगेल.

संध्याकाळपर्यंत मिडलवेअरमध्येच बसवलं. माझ्या फोनवर चाललं, रुपालीच्या चाललं. बॅचमधल्या दोघींपैकी एकीच्या फोनवर हलगी आणि बैल बरोबर एका वेळी! दुसरीच्या फोनवर मात्र काहीच्या काही आकडा आला. कान बहिरा आहे का आणखी काही, माहीत नाही.

म्हणजे आता पुष्कळ फोन हवेत. तऱ्हेतऱ्हेचे, जुने, फुटके, स्वस्त. गेम त्या फोनवर चालला की मालकाला विचारून आकडा माझ्याकडे पाठवेल, अशी सोय केलीय.

२२ फेब्रुवारी

रुपालीनं सुंदर पोस्टर काढलं. चौखूर उधळलेला बैल, खाली "आमचा गेम तपासायला मदत करा", आणि गेम उतरवायचा चौकोनी कोड. बसस्थानकावर, दोन चहाच्या टपऱ्यांवर आणि रसवंतीवर लावलं. आता बघा.

घरी चांगदेव म्हणाले, "त्यो गेम दुसऱ्याच्या फोनात टाकायचा तर कसा टाकत्यात?"

"कोणाच्या फोनात?"

"आसंच इचारलं."

दाखवलं. दोनदा करून बघितलं त्यांनी. मग माझा जुना फोन मागितला, यात्रेत फोटो काढायला म्हणे. ऊस तोडून कारखान्याला गेला की ह्या माणसाला पाय फुटतात. उद्या कुठल्याशा गावच्या घाटात शर्यती आहेत. मी इथं जिवाचं रान करतेय आणि हे गाडे बघायला चालले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पोस्टरची कमाल! शनिवारी एकही आकडा नव्हता. आज सकाळी उघडून बघते तर रांगच लागलेली. किती प्रकारचे फोन! काही कंपन्यांची तर नावंही मी ऐकली नव्हती. सगळे कालच्या एका दिवसात आलेले. रविवारी लोक नारायणगावात बाजाराला येतात, टपरीवर चहा पितात, पोस्टर वाचतात. जागा मी निवडल्या होत्या. रुपालीला म्हटलंसुद्धा, "बघ, जाहिरात कुठं लावायची ह्यालाही अक्कल लागते."

तिनं मान हलवली.

चांगदेव काल अंधार पडल्यावर आले. डोक्यापासून पायापर्यंत भंडाऱ्यानं पिवळे. फोटो दाखवा म्हटलं तर एकही काढलेला नाही. फोनची बॅटरी मात्र पार संपलेली.

३ मार्च, सोमवार

पुन्हा तेच. आठवडाभर सामसूम, रविवारी आकड्यांचा पाऊस. ह्या वेळी तर काही आकडे ओतूरकडून आले, काही मंचरकडून. आमचं पोस्टर तिथवर पोचलं म्हणजे लोकांनी फोटो काढून एकमेकांना पाठवला असणार.

रुपाली म्हणाली, "मॅडम, रसवंतीवरचं पोस्टर कधीच फाटलंय. टपरीवरच्यावर सर्कशीचं चिकटवलंय."

"फाटलं तरी लोकांच्या डोक्यात राहतं. ह्याला परिणाम म्हणतात."

ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "हो मॅडम," आणि हसली. पोरगी आजकाल उगाच हसते. पुण्याला जायचं ठरलंय की काय?

इतक्या फोनांमुळं बहिऱ्या फोनांचं कोडंही सुटलं. काही फोन स्वतःची टिकटिक गोंगाट समजून गाळून टाकतात. त्यांना टिकटिक नको, हलगीच ऐकवली. हलगी गाळायची कोणत्या फोनची हिंमत नाही.

८ मार्च

आता आवाजाचं. गेममधली पुकारणी, म्हणजे गाडा पळताना माइकवरून होणारा पुकारा, आम्ही कुठूनतरी उचललेली होती, ती कंपनीला चालणार नाही. स्वतःची हवी. म्हणून सावळेराम अण्णांकडे गेले. आमच्या भागातल्या निम्म्या घाटांत माइक त्यांच्याच हातात असतो. त्यांनी पुकारा केला की झोपलेलं माणूस उठून धावेल.

अण्णा ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, घाट म्हंजे देवाचं काम. त्यो मोबाइलच्या खेळन्यात घालाया माझा आवाज न्हाई मिळायचा. राग मानू नको."

चहा मात्र दिला.

क्लासवर येऊन चिडचिड करत होते. बॅचमधली एक फोनवर रील बघत होती, तिला ओरडले, "ए! बंद कर आधी ते!" रुपालीनं मान वर केली. "मॅडम, हेच. हाच आवाज."

"वेडी का तू? घाटात बाईचा आवाज ऐकलायस कधी?"

"गेममध्ये ऐकतील."

खिडक्या लावल्या, पंखे बंद केले. मी उभी राहिले. पहिल्यांदा लाज वाटली. मग डोळ्यासमोर गाडा आणला, सुटलेला, धुरळा उडवत वर येणारा. आणि पोटातून ओरडले. "आला आला आला... भिर्रर्रर्र... झाली झाली झाली!" खालचा मेडिकलवाला धावत वर आला, काय झालं म्हणून.

रुपालीनं पुन्हा लावून ऐकवलं. माझाच आवाज आहे ह्यावर विश्वास बसेना. एवढी वर्षं हा आवाज मी 'शिफ्ट दाब, कंट्रोल दाब' सांगण्यात घालवला.

१६ मार्च, रविवार

आज भांडण झालं. हे सकाळीच पांढरे कपडे घालून निघाले. मी म्हटलं, "दर रविवारी घाट! टोमॅटोचे बांबू रोवायचेत, माझं दहा-बारा दिवसांवर आलंय, आणि तुम्हाला शर्यती सुचतात. एक दिवस तरी घरी थांबून विचारलंत का, बाई तुझं काय चाललंय?"

उंबऱ्यात थांबले. "काय चाललंय?" म्हणाले.

"आता कशाला विचारता?"

"बरं," म्हणाले आणि गेले. जाताना टेबलावरचा माझा जुना फोन उचलायला विसरले नाहीत.

मी दिवसभर रागात काम केलं. चांगलं झालं काम. नव्या आवाजाचा गेम सकाळीच सगळ्यांच्या फोनांवर पाठवून दिला होता. दुपारपासून आकडे यायला लागले, आणि आज पहिल्यांदा आकड्यांसोबत लोकांनी लिहिलेल्या ओळीही आल्या. "बाई कोन हाय? नाद खुळा." "आवाज जाग्यावर वाजतोय आता." एकानं लिहिलं होतं, "मामांनी सांगितलं म्हणून खेळलो, आता सोडवत नाही." कोणाचे मामा देव जाणे. पण भले मामा.

२३ मार्च

मिडलवेअरमधला माझा बदल त्या लोकांना पाठवून दिला. घ्यायचा तर घ्या. नाव लिहायची जागा होती. तिथं 'शीला आणि रुपाली, नारायणगाव' असं लिहिलं. रुपाली म्हणाली, "मॅडम, कोड तर तुमचा आहे." मी म्हटलं, "तू पहिल्यांदा हरलीस म्हणून कळलं." तिनं पाठ फिरवली आणि बराच वेळ ब्रश धुतला. ती ब्रश वापरत नाही, संगणकावर काढते. धूळ बसली असेल.

यंत्राला कानच नाही, हे एक लक्षात आलं होतं. त्यात माइक नाही. पण सगळी यंत्रं एकसारखीच, माझ्याच कानानं ऐकून ऐकून जुळवलेला आकडा एकदा टाकला की झालं. टाकला.

२८ मार्च, शुक्रवार

पुण्याहून आताच परतलो. पाय दुखतायत. पण आजचं आजच लिहायला हवं.

काचेची खोली होती. समोर पाच जण, मधे कंपनीच्या मोठ्या बाई, पांढरे छोटे केस. आमच्या आधी एका टोळीनं त्यांचा गेम दाखवला, चकचकीत, डोळे दिपले.

मी पिशवीतून आमचं यंत्र काढलं. बाई म्हणाल्या, "ते नको. हे घ्या. हे बाजारात येणारं, कालच कारखान्यातून आलंय." आणि नवं यंत्र हातात दिलं.

गेम चढवला, सुरू केला. पहिली थाप पडली. उशीर! त्यांनी आतला आवाजाचा भाग बदलला होता. माझा आकडा जुन्या यंत्राचा. एक जण खेळत होता, चुकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते आलं जे पोरांच्या चेहऱ्यावर यायचं. लई अवघड हाय.

मला अश्विनीचे शब्द आठवले. माघार घे, कमीपणा नाही. खरंच सांगते, एक क्षण वाटलं की पिशवी उचलावी आणि निघावं.

तेवढ्यात रुपालीनं तिचा फोन काढला आणि यंत्राशेजारी टेबलावर ठेवला. नुसतं माझ्याकडे बघितलं. आणि माझं डोकं जाग्यावर आलं. यंत्राला कान नाही, पण फोनला आहे! शेजारच्यानं शेजारच्याचं ऐकलं तरी चालतं की.

मी म्हटलं, "थोडं थांबा." एवढ्या मोठ्या माणसांना मी थांबा म्हटलं, क्लासमध्ये म्हणते त्याच आवाजात, आणि ते थांबले. यंत्रानं हलगी वाजवली, फोननं ऐकली. आकडा आला. फोनचा स्वतःचा उशीर वजा केला, उरला तो यंत्राचा. तो टाकला. "आता खेळा."

तोच माणूस पुन्हा खेळला. थाप आणि बोट, थाप आणि बोट. बैलांनी जोर धरला. खोलीत माझा आवाज घुमला, "झाली झाली झाली!" आणि बरोबर त्याच क्षणी गाड्यानं रेषा ओलांडली. तो खुर्चीतून उठलाच. "अजून एकदा," म्हणाला.

बाईंनी विचारलं, "हे उशीर मोजायचं कोणी केलं? आमच्याकडे सगळ्या गेमना हाच त्रास आहे."

"आम्ही केलं. नारायणगावला."

"किती फोनांवर तपासलंय?"

रुपालीनं यादी दाखवली. बाई बघतच राहिल्या. "एवढे फोन तुम्हाला मिळाले कुठून?"

"पोस्टर लावलं होतं," मी म्हटलं. रुपालीला ठसका लागला. पाणी मागवावं लागलं.

मग त्या म्हणाल्या की गेम हवाय, पण पुकारणी हिंदीत केली तर देशभर चालेल. मी म्हटलं, "खाली अक्षरं हव्या त्या भाषेत लिहा. पण बैल मराठी ऐकून पळतात, पुकारणी हीच राहील." सगळे हसले. मी हसले नाही. बाई म्हणाल्या, "राहू द्या. हीच."

येताना एसटीत रुपाली म्हणाली, "मॅडम, ते जाहिरातीचं काम... मी नाही म्हणून सांगितलं त्यांना."

"कधी?"

"मागच्याच महिन्यात."

२ एप्रिल

अश्विनीचा फोन, कामाच्या वेळेत. घाबरले, काय झालं म्हणून.

"आई, आमच्या टीममध्ये तेच मिडलवेअर वापरतात. आज नवी आवृत्ती आली. बदलांच्या यादीत तुझं नाव आहे." मग म्हणाली, "आमचे सर मोठ्यानं वाचत होते. म्हणाले, नारायणगाव कुठं आहे? मी म्हटलं, माझं आहे. ती माझी आई आहे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "सर्दी झालीय का?" म्हणाली, "हो."

चांगदेवांना सांगितलं. म्हणाले, "नाव मराठीत हाय का इंग्रजीत?" इंग्रजीत, म्हटलं. "दाखव." वाचता येत नाही तरी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग नवे कपडे घालून पारगावला जाऊन पेढे घेऊन आले. पेढे आणायला नवे कपडे कशाला, ते विचारलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

आज आमच्या गावची यात्रा. घाटाच्या दोन्ही अंगांना माणूसच माणूस. बायकांसाठी वरच्या बाजूला बांधावर जागा असते, मी, अश्विनी, रुपाली तिथं बसलो होतो.

एक गंमत बघितली. चांगदेव ज्या बाजूनं जातील तिथून लोक हाका मारत होते. ओतूरचे, मंचरचे, धामणीकडचे, कुठकुठचे. "ओ गेमवालं मामा!" "मामा, नवा टाकला का?" मला बरं वाटलं. एवढी वर्षं मी 'चांगदेवाची बायको' होते, आता माझ्या कामामुळं ह्यांनाही मान मिळायला लागलाय. अश्विनीला तसं म्हटलं तर तिनं रुपालीकडे बघितलं आणि दोघी तोंडावर पदर आणि ओढणी धरून खिदळायला लागल्या. आजकालच्या पोरींना कशाचं हसू येईल सांगता येत नाही.

दुपारी माइकवरून सावळेराम अण्णांचा आवाज आला. "शीलाताई कुठं हायेत? माइककडं या." मला वाटलं नारळ द्यायचा असेल. खाली उतरले. वाट देताना माणसं बाजूला सरकत होती.

अण्णा म्हणाले, "माझ्या फोनात टाकलाय तुझा खेळ. न्हाई म्हनत व्हतो, पन टाकला. सुनेला म्हनलं, ही बाई पुकारतीया ती खोटी न्हाई." मग माइक माझ्या हातात दिला. "पुढली बारी तू घे."

"अण्णा, मी? इथं?"

"फोनात घेती, मंग हितं का न्हाई? त्यो बघ, गाडा जुपला."

खाली, घाटाच्या तोंडाशी, चार बैल उभे होते. खरे बैल, फुरफुरणारे. घोडी जागच्या जागी नाचत होती. ह्या घाटात आजवर बाईनं पुकारा केलेला मी ऐकला नाही, आमच्या सासूबाईंनीही ऐकला नसणार. कोणीतरी मागून म्हणालं, "बाईमान्साला जमंल का?" आणि दुसरं कोणी, अगदी खणखणीत, म्हणालं, "जमतंय. ऐक गप." तो आवाज चांगदेवांचा होता. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

झेंडी पडली. गाडा सुटला.

मग मला काही आठवत नाही नीट. घोडी आली, धुरळा आला, बैलांच्या पाठी एकदम वर येताना दिसल्या आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आला आला आला..." भोंग्यांतून माझा आवाज डोंगरावर गेला आणि परत आला. मधे ना कोणता थर होता, ना उशीर. "भिर्रर्रर्रर्र... झाली! झाली! झाली!" आणि सगळा घाट उठून उभा राहिला, भंडारा उधळला गेला, मला डोळे उघडता येईनात.

अण्णा म्हणाले, "अजून चार घे." मी नऊ घेतल्या.

१४ एप्रिल

घसा पार बसलाय. एक शब्द फुटत नाही. घरात खुणांवर चाललंय, चांगदेव हळद-दूध आणून देतात आणि गालातल्या गालात हसतात.

क्लासवर दिवसभर फोन. पुण्याच्या बाईंचाही आला, काहीतरी तारखेचं विचारायला. रुपालीनं उचलला. मी खुणेनं सांगितलं, आवाज गेलाय म्हण.

ती म्हणाली, "मॅडमचा आवाज कामावर गेलाय."